तांबडं पाणी निवळताना

खाणीच्या प्लांटवर पाहुणे आले की त्यांना फिरवायचा एक ठरलेला रस्ता असायचा. आधी क्रशर, मग वॉशिंग प्लांटच्या जिन्यावरून दिसणारे स्क्रीन, मग तयार मालाचा डोंगर, आणि शेवटी नदीकाठची जेटी. तिथे बार्ज भरताना बघत चहा व्हायचा. माझी ड्यूटी ज्या थिकनरवर होती, तिकडे कोणी कुणाला आणत नसे.

थिकनर म्हणजे तीस मीटर व्यासाची, मध्ये खोल होत गेलेली काँक्रीटची टाकी. प्लांटमधलं सगळं मळकं पाणी तिच्यात येतं. वरून पाहिलं तर तांबड्या पाण्याचं एक मोठं वर्तुळ, मधोमध खांब, आणि तळाचा गाळ मध्याकडे ओढणारे रेक. ते इतके सावकाश फिरतात की नव्या माणसाला यंत्र बंद पडलंय असंच वाटतं. बघण्यासारखं त्यात काही नाही. पण एखादी खाण खालच्या गावाशी आणि नदीशी कशी वागते हे जाणून घ्यायचं असेल, तर बाकीचा प्लांट सोडून एवढी टाकी बघितली तरी पुरे. अठ्ठावीस वर्षं नोकरी करून माझं हे मत झालं आहे.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. रेडीची लोहखाण आमच्याच तालुक्यातली, त्यामुळे तांबडी धूळ लहानपणापासून ओळखीची. 1991 साली गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका कंपनीत केमिस्ट म्हणून लागलो आणि पुढे तिथेच प्रोसेसकडे वळलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. इथे जे चुकलेलं सांगणार आहे, त्यातलं बरंचसं माझ्या शिफ्टमध्ये, माझ्या सहीनं झालेलं आहे.

गोव्याचं लोहखनिज मुळात भुसभुशीत. कडक दगड कमी, भुकटी जास्त, आणि त्या भुकटीत चिकणमाती अशी मुरलेली की नुसतं चाळून सुटत नाही. मातीबरोबर अ‍ॅल्युमिना आणि सिलिका येतात, आणि पोलादाच्या भट्टीला ते दोन्ही नको असतात. आधीचे जपानचे खरेदीदार असोत की 2000 नंतरचे चीनचे, भाव लोहाच्या टक्क्यावर ठरायचा आणि अ‍ॅल्युमिना वाढलं की कापला जायचा. म्हणून हे धुणं. लॉग वॉशरमध्ये घुसळायचं, स्क्रीनवर फवारे मारायचे, हायड्रोसायक्लोनमध्ये गरगरवून जड कण खाली आणि हलके वर काढायचे. घरी तांदूळ धुतात त्यातलंच हे तत्त्व. पण तांदळाचं धुवण अळवाच्या वाफ्यात सोडून मोकळं होता येतं. इथे एक टन खनिज धुवायला टनाहून जास्त पाणी फिरवावं लागतं, आणि ते तासाला शेकडो टन, ऑक्टोबर ते मे, रात्रंदिवस.

लॅबमध्ये माझ्याकडे एक लिटरचा उभा काचेचा सिलिंडर होता. थिकनरला येणारं पाणी त्यात भरायचं, तोंडावर तळवा दाबून दोनदा उलटसुलट करायचं, टेबलावर ठेवायचं आणि घड्याळ लावायचं. वाळूचे कण बघता बघता तळाला जातात. दहा मायक्रॉनचा मातीचा कण मात्र संथ पाण्यात एक मीटर उतरायला तीन तासांहून जास्त वेळ घेतो. एक मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतराला तेरा दिवस लागतात. कण दहापट बारीक झाला की वेळ शंभरपट होतो. स्टोक्सचा नियम, पुस्तकात एका ओळीचा. सिलिंडरसमोर बसलं की ती ओळ खरी किती लांब आहे ते कळतं. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी घरी निघताना तसंच तांबडं, दुसऱ्या दिवशी तसंच, रविवारची सुटी करून आलो तरी वरच्या चार बोटांपलीकडे फरक नाही. आणि नदीचं पाणी तर संथही नसतं.

माझ्या आजोळी पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ व्हायचं. आजी निवळीची बी सहाणेवर उगाळायची, ते गंध मातीच्या डेऱ्यात ढवळायची, आणि सकाळी डेऱ्याचा तळ दिसायचा. बारीक कणांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. निवळी किंवा तुरटी त्यांना जवळ आणते, पुंजके बांधते, आणि पुंजके जड म्हणून खाली बसतात. थिकनरमध्ये घालतात ते फ्लॉक्युलंट याच कामाचं. पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडच्या लांबच लांब साखळ्या, एका टनाला काही ग्रॅम पुरतात. टाकीसुद्धा नवी नाही. जॉन डॉर यांनी 1905 मध्ये अमेरिकेतल्या साउथ डकोटात सोन्याच्या खनिजासाठी सलग चालणारा थिकनर बांधला. आमचा थिकनर त्याचाच पणतू म्हणायला हरकत नाही.

आमच्याकडे फ्लॉक्युलंटची पावडर पहिल्यांदा आली ती 2004 च्या जानेवारीत. तोवर चुन्यावर भागत होतं. चीनची मागणी वाढली तशी पूर्वी बाजूला टाकायचो तो कमी प्रतीचा मालही धुवायला येऊ लागला. त्यात माती जास्त, आणि थिकनर तेवढाच. पुरवठादाराचा माणूस आला, दोन तास थांबला, मात्रा सांगून गेला. मी सिलिंडरमध्ये चार थेंब टाकले की अर्ध्या मिनिटात पाणी निवळायचं. टाकीत मात्र काडीचा फरक पडेना. कडेवरून उतरणारं पाणी तांबडं ते तांबडंच. वरून निरोप आला, पावडर वाढवा. वाढवली. तरी नाही. आणखी वाढवा. पोत्यामागून पोती गेली.

आठव्या रात्री अडीचच्या सुमाराला रेकची मोटर ट्रिप झाली. परत चालू केली, परत ट्रिप. वाढवलेल्या पावडरनं तळाच्या गाळाची खळ करून टाकली होती. तो पंपाला ओढेना आणि रेकला हलेना. रेक उचलायची सोय होती, ती वापरली. हातभर उचलून तेही थांबले. आता दोनच वाटा होत्या. एक म्हणजे प्लांट बंद करायचा, टाकी रिकामी करून माणसं उतरवून फावड्यांनी गाळ काढायचा. त्यात तीन दिवस तरी जाणार, आणि जेटीवर बार्ज उभे, बंदरात जहाज थांबलेलं. दुसरी वाट टाकीच्या तळाशी होती. एक इमर्जन्सी व्हॉल्व्ह, तो ज्या चरात उघडायचा तो चर ओहोळाला मिळायचा.

फोन केला. पलीकडून उत्तर आलं, उघडा, रात्रीचं कोणाला दिसत नाही. उघडायचा का, हे त्या क्षणी माझ्या हातात होतं. मी लॉगबुकात वेळ लिहिली, सही केली, आणि दोन माणसांनी चाक फिरवलं. पहिल्यांदा काहीच आलं नाही. मग पाइप घुसमटल्यासारखा दोन-तीनदा हिसकला आणि गाळ सुटला. टॉर्चच्या उजेडात तो पाण्यासारखा दिसतच नव्हता. गुळाच्या काहिलीतून पाक ओततात तसा जाड, एकसंध, आवाज न करता चालला होता. सकाळी सहाला प्लांट चालू होता. त्या रात्रीचं मी लिहून ठेवलं नसतं तरी चाललं असतं. पण ती सही मला आजही तारखेसकट आठवते.

दहा-बारा दिवसांनी एक म्हातारे शेतकरी गेटवर आले. प्लांटच्या केमिस्टला भेटायचंय म्हणाले. नाव ठाऊक नव्हतं, हुद्दा मात्र बरोबर विचारून आले होते. माझ्या टेबलावर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू ठेवली आणि कागद उलगडला. दोन बोटं जाडीचा, कडा वर वळलेला, तांबड्या मातीचा पापुद्रा. मंगलोरी कौल मोडल्यावर दिसतं तसा तुकडा. मधोमध भाताच्या रोपाची पिवळी काडी अडकलेली होती. वायंगणाचं भात, नुकतं कुठे वर आलेलं, त्याच्या मुळांवर हे कौल बसलं होतं.

"हें तुमचें," ते म्हणाले. "परत दिवंक हाडलां." हे तुमचं, परत द्यायला आणलंय.

आवाज चढवला नाही. पाण्याचा पेला पुढे केला तो घेतला, रिकामा केला, आणि निघून गेले. नुकसानभरपाईचं पुढे कंपनीनं आपल्या पद्धतीनं केलं, क्षेत्र मोजून, कागद करून. पण तो पापुद्रा माझ्या टेबलावर राहिला. मी दिवसभर त्याच्याकडे बघणं टाळलं आणि संध्याकाळी, हाताला काम हवं म्हणून, त्याचा एक कोपरा खलात कुटून नमुना लावला. लोह पंचेचाळीस टक्क्यांच्या वर निघालं. पुन्हा लावला. तेच.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. टेलिंग्जचं, म्हणजे धुऊन उरलेल्या गाळाचं, पृथक्करण दर महिन्याला आमच्याच लॅबमध्ये व्हायचं. पण कागदावरचा 'टेलिंग्ज, लोह इतके टक्के' हा आकडा आणि कुणाच्या तरी भाताच्या काडीसकट टेबलावर आलेला तोच आकडा, या दोहोंत फरक पडतो. आमच्या खाणीवर नको त्या सगळ्याला एकच शब्द होता, रिजेक्शन. शब्द असा की एकदा उच्चारला की त्या वस्तूकडे पुन्हा बघायचं कारण उरत नाही. ते शेतकरी काका भरपाईच्या कागदावर अंगठा द्यायला परत आले तेव्हा मी त्यांना हा आकडा सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग तुमी तें उडयतात कित्याक?" मग तुम्ही ते टाकून का देता? माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीत एवढा नेमका प्रश्न एकाही मीटिंगमध्ये मी ऐकला नाही.

पावडरचं कोडं सुटलं ते आमच्या थिकनरच्या ऑपरेटरमुळे. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, दोडामार्गचा. त्या जामच्या रात्रीनंतर त्यांनी पावडर कालवायच्या टाकीचं बूच काढलं आणि मला आत हात घालायला लावला. आत साबुदाण्यापासून लिंबापर्यंत सगळ्या मापाचे बुळबुळीत गोळे. एक फोडून दाखवला. बाहेरून फुगलेला, आत कोरडी पावडर तशीच. त्यांचं म्हणणं असं, की कुळथाची पिठी करताना पीठ एकदम ओतलं तर अशाच गुठळ्या होतात आणि मग कितीही उकळलं तरी सुटत नाहीत. आमची पोरं पोतं धरून उपडं करत होती. पावडरचा मोठा भाग विरघळतच नव्हता, गोळे होऊन गाळात जात होता आणि तिथे खळ करत होता. मात्रा वाढवायला सांगणाऱ्या कोणीही, माझ्यासकट, त्या टाकीत हात घालून पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्कशॉपमधून एक ड्रम कापून आणला आणि तळाला जाळी लावून भलीमोठी चाळण केली. एकानं पावडर भुरभुरायची, दुसऱ्यानं पाणी सावकाश ढवळत राहायचं, मग तासभर मुरू द्यायचं. मी एक गोष्ट त्यात घातली. तयार द्रावण ज्या वेगवान पंपानं थिकनरला जायचं, तो पंप त्या लांब साखळ्यांचे तुकडे करत होता. तो काढून टाकी उंचावर चढवली आणि द्रावण आपल्या वजनानं उतरू दिलं. तिसऱ्या दिवशी थिकनरच्या कडेवर उभं राहून मी कोपरापर्यंत हात बुडवला, आणि बोटं दिसली. मी तो हात बराच वेळ तसाच ठेवला. पावडर निम्म्याहून कमी लागू लागली. निवळलेलं पाणी परत प्लांटकडे वळवलं, तसा नदीवरून पाणी उचलणारा पंपही रोज काही तास बंद ठेवता येऊ लागला.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या बंदमध्ये इमर्जन्सी व्हॉल्व्हवर लोखंडी प्लेट वेल्ड करून तो कायमचा बंद केला आणि थिकनरच्या खालच्या अंगाला एक खड्डा खणून घेतला, अख्खी टाकी त्यात मावेल एवढा. दोन हजार घनमीटरचा खड्डा, एकही टन माल न देणारा. तो मंजूर व्हायला चार फाइली फिरल्या. मंजुरीच्या बैठकीत मी बोललो ते एकच वाक्य, आणि टेबलावर तो पापुद्रा ठेवला.

खनिजाच्या प्रक्रियेतलं प्रदूषण म्हटलं की लोकांना वाटतं मोठं यंत्र आणलं की झालं. यंत्रं लागतात, मी त्यांच्या विरोधात नाही. पण आमच्याकडे सर्वांत जास्त चिखल ज्यानं कमी केला त्यात यंत्र नव्हतंच. आमच्या एका तरुण भूगर्भतज्ज्ञानं खाणीच्या प्रत्येक पायरीचे नमुने वेगळे ठेवायला सुरुवात केली. त्यातून दिसलं की काही पायऱ्यांवरचा माल कोरडा चाळला तरी विकण्याजोगा आहे. तो आम्ही वर्षानुवर्षं सवयीनं धूत होतो. जे धुवायची गरज नाही ते धुवायचं थांबवलं, बस. तेवढं पाणी वाचलं, तेवढी वीज वाचली, आणि तेवढा चिखल जन्मालाच आला नाही.

2009 मध्ये भारतीय खाण ब्युरोनं हेमॅटाइटसाठीची, म्हणजे आमच्यासारख्या लोहखनिजासाठीची, किमान मर्यादा 45 टक्के लोहावर आणली. त्याआधी 55 टक्क्यांच्या खालचं सगळं हिशेबाबाहेर होतं. म्हणजे काकांच्या शेतातला तो पापुद्रा आता नियमानंही खनिज ठरला. ब्युरोचं मुख्यालय नागपूरला, खनिजावरची त्यांची प्रयोगशाळाही तिथेच. आमच्या टेलिंग पॉण्डमधल्या गाळाचे नमुने घेऊन मी तिकडे गेलो. हेमॅटाइट लोहचुंबकाला सहज चिकटत नाही, पण चुंबक पुरेसा जबरदस्त असला आणि गाळ ओलाच त्यातून नेला तर लोहाचे कण अडकतात, माती पुढे निघून जाते. नागपूरच्या त्या हॉलमध्ये पहिल्यांदा मी आमचाच गाळ दोन रंगांत वेगळा होताना पाहिला. एका बादलीत जवळजवळ काळपट, दुसरीत पिवळट गुलाबी. मला त्या काळपट बादलीत पुन्हा पुन्हा हात घालावासा वाटत होता. पण पूर्ण गोष्ट सांगायची तर त्या पिवळट बादलीची सांगितली पाहिजे. लोह काढून घेतल्यावर उरतं ते आधीहून बारीक, आधीहून चिकट, आणि बसायला आधीहून हट्टी. गाळातून माल काढला म्हणजे गाळ संपला असं होत नाही. तो कमी होतो आणि अवघड होतो.

त्या अवघड गाळासाठी फिल्टर प्रेस आली. उभ्या प्लेटांची रांग, प्रत्येक दोन प्लेटांमध्ये कापड, आणि मध्ये दाबानं भरलेला गाळ. पाणी कापडातून गळून जातं, माती आत राहते. मग प्लेटा एकेक करून उघडतात आणि मातीची चपटी लादी धप्पकन खाली पडते. तिला सगळे केक म्हणतात. पहिला केक पडला तेव्हा आम्ही सगळे त्याभोवती गोळा झालो. थिकनरच्या त्या ऑपरेटरनी तो मोडून पाहिला. चपातीची कणीक तुटते तसा तुटला. हाताला माती लागली, पाणी नाही. ज्या गाळासाठी दरी अडवून तलाव करावा लागत होता, तो आता टिप्परमध्ये भरून नेता येणार होता, एकावर एक रचून दाबता येणार होता. पेढे वाटले.

आणि त्याच दिवशी दुपारी खालच्या गावातून फोन आला, ओहोळ तांबडा झालाय. माझा विश्वास बसेना. सगळीकडे फिरलो, थिकनर ठीक, पॉण्ड ठीक, चर कोरडे. शेवटी प्रेसच्या शेडमागे गेलो. प्रत्येक फेरीनंतर कापडं दाबाच्या पाण्यानं धुवावी लागतात, नाहीतर त्यांची छिद्रं बुजतात. ते धुवण्याचं पाणी शेडच्या फरशीवरून थेट पावसाच्या पाण्याच्या गटारात जात होतं. नकाशात प्रेस होती, पंप होते, केकचा ढीग होता, धुवणाची वाट कुणीच काढली नव्हती. दोन दिवस प्रेस बंद ठेवली, शेडला उतार उलटा दिला, एक टाकी खणली आणि ते पाणी थिकनरला जोडलं. गावातल्या ज्या माणसाचा फोन आला होता, त्याचा नंबर मी कंट्रोल रूमच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला. पुढे तीनदा तरी त्याच्या फोननं आम्हाला आमच्या यंत्रांच्या आधी कळवलं.

केकचंही सगळं गोड नाही. प्रेसला वीज लागते, कापडं महाग. आणि डिचोली-सत्तरीत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. मे संपायच्या आत तो ढीग दाबून, उतार देऊन, काथ्याच्या जाळ्यांनी झाकला नाही, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात केकचा परत चिखल होतो. म्हणून ओहोळांवर चुना न लावता रचलेले चिऱ्यांचे बांध घालायचे. पाणी चिऱ्यांमधून पाझरतं, गाळ मागे राहतो. हे बांध दर वर्षी उपसावे लागतात. एखाद्या वर्षी उपसले नाहीत तर पुढच्या वर्षी तिथे बांध नसतो, मातीची पायरी असते. वरवर किरकोळ दिसणारं हे उपसणं मी मे महिन्यात स्वतः उभं राहून करून घ्यायचो, कारण बजेटमध्ये सर्वांत आधी कापलं जायचं ते हेच.

मधल्या काळात सगळंच थांबलं होतं. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारनं खाणी बंद केल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. एप्रिल 2014 च्या निकालानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, 2015 मध्ये काम परत सुरू झालं, आणि फेब्रुवारी 2018 च्या निकालानं 16 मार्चपासून पुन्हा बंद. न्यायालयानं ज्या गोष्टींवर बोट ठेवलं त्या खऱ्या होत्या. आणि ज्या टिप्परच्या हप्त्यांवर घरं चालत होती ते टिप्पर अंगणात गंजू लागले, हेही खरं होतं. माझ्या टेबलावर पापुद्रा ठेवणाऱ्या काकांच्या मुलानं कर्ज काढून टिप्पर घेतला होता. शेवटच्या हंगामात तो आमच्याच प्रेसचा केक वाहत होता.

प्लांट बंद झाला, पण टेलिंग पॉण्ड बंद करता येत नाही. दरीच्या तोंडाशी बांध, बांधामागे अठ्ठावीस वर्षांहून जुना गाळ, आणि वरून पाऊस. आम्ही मोजकी माणसं देखभालीसाठी राहिलो. मी काकांच्या मुलाला पॉण्डवर लावून घेतलं. त्याचं काम म्हणजे बांधात उतरवलेल्या पाइपांमधली पाण्याची पातळी मोजायची. टेपच्या टोकाला पितळेची उपडी वाटी बांधलेली असते. ती सोडत जायची, पाण्याला टेकली की आवाज येतो, तिथला आकडा वाचायचा. बांधाच्या पोटात पाणी किती चढलंय ते त्यावरून कळतं. पाणी चढत गेलं तर वरून कोरडा ठणठणीत दिसणारा बांधही आतून सैल होत असतो.

25 जानेवारी 2019 ला ब्राझीलमधल्या ब्रुमादिन्यो इथे लोहखाणीचा टेलिंग बांध फुटला. दुपारची जेवणाची वेळ होती आणि कामगारांचं कॅन्टीन बांधाच्या खालच्या बाजूलाच होतं. 270 माणसं गेली. तीनच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर 2015 मध्ये, त्याच देशात मारियानाजवळचा बांध फुटून 19 माणसं गेली होती आणि तांबडा गाळ नदीतून थेट अटलांटिकपर्यंत पोचला होता. ब्रुमादिन्योचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात आला. मी तो ऑफिसमध्ये एकट्यानं पाहिला. बांधाचा सगळा दर्शनी भाग एका क्षणी उभा आहे, आणि पुढच्या क्षणी तो पाणी आहे. त्या बांधामागे नवा गाळ टाकणं काही वर्षांपूर्वीच थांबलं होतं. बसलेल्या गाळावरच पुढची पायरी रचत तो बांध उंच नेलेला होता, तसा आमचा नव्हता. पण बंद पडलेला होता, तसा आमचाही होता. 2020 मध्ये टेलिंग बांधांसाठी जागतिक मानक ठरलं. त्यात बंद झालेल्या बांधांची जबाबदारीही मालकावरच ठेवली आहे. ते वाचताना मला व्हिडिओ पाहिला ती संध्याकाळ आठवली.

व्हिडिओ बंद करून मी जीप काढली आणि पॉण्डवर गेलो. काकांचा मुलगा तिथे होता, आणि त्या दिवशी काकाही त्याच्याबरोबर आले होते. ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत. टीव्हीवर त्यांनीही पाहिलं होतं. खाली दरीच्या तोंडाशी त्यांचं शेत दिसत होतं, वायंगणाचं भात हिरवं.

मुलानं पहिल्या पाइपात टेप सोडली. वारा होता, आवाज नीट येईना. त्यानं ओढून परत सोडली. काकांनी काठी मुलाकडे दिली, टेप स्वतःच्या हातात घेतली आणि पाइपाच्या तोंडाशी कान नेऊन वाकले. हातभर, हातभर करत ती सोडत गेले. आयुष्यभर विहिरीत कळशी सोडलेला हात होता तो. कुठेतरी थांबले, दोन बोटं वर ओढली, परत सोडली.

"उदक," ते म्हणाले.

टेपवर सात मीटर चाळीस होतं. ऑक्टोबरमध्ये तिथेच सहा मीटर दहा होतं. पाणी खाली गेलं होतं. मुलानं रजिस्टरमध्ये आकडा लिहिला, मी खाली सही केली. काका टेप गुंडाळून पुढच्या पाइपाकडे चालू लागले. एकूण अकरा पाइप होते.